वॉचमनच्या वहीत काय लिहू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

'मी 47 वर्षांचा, मुलुंडला राहतो. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण भांडुपला राहते. ओळख 27 वर्षांची, माटुंग्याच्या कॉलेजातल्या एकांकिकांपासूनची. मी लाइट्स बघायचो, ती विंगेत प्रॉम्प्टिंग करायची. आमच्यात 'तसलं' काही तेव्हाही नव्हतं, आजही नाही. पुढे दोघांची लग्नं झाली आणि तिचा नवरा माझाही जिगरी दोस्त झाला. शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं त्यांच्याकडे कॅरम खेळायचो; तो आणि माझी बायको एका बाजूला, ती आणि मी एका बाजूला. आठ महिन्यांपूर्वी तो हार्ट अटॅकने गेला. घरी आता ती, बारावीतली मुलगी आणि 74 वर्षांच्या सासूबाई. बँका, विमा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळी धावपळ मीच केली. दर शनिवारी जातो, रात्री साडेनऊला फोन करतो. आता सासूबाई मी गेलो की दार उघडं ठेवतात. सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, 'फारच करता हो तुम्ही.' ऑफिसातला मित्र म्हणतो, राखी बांधून घे, सगळ्यांची तोंडं बंद होतील. गेली 14 वर्षं वॉचमनच्या वहीत 'कोणाकडे' या रकान्यात मी तिच्या नवऱ्याचं नाव लिहायचो. परवा तिथे पेन अडकलं. आणि जिने 19 वर्षांत कधी शब्द काढला नाही ती माझी बायको म्हणाली, 'त्याची जागा रिकामी झालीय. ती भरायला तू जाऊ नकोस.' आमचं नातं कृष्ण-द्रौपदीसारखं निखळ, प्लेटोनिक आहे. ते पवित्र असताना मी मागे का हटायचं? बायकोला कसं समजावू?'

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन. ही माझी जुनी खोड. मूळ पत्र पाच पानी आहे. त्यातली साडेतीन पानं मैत्रिणीबद्दल आहेत. चहात ती आलं किसत नाही, ठेचते, हेसुद्धा आता मला माहीत आहे. बायकोबद्दल दोन वाक्यं आहेत. पहिलं, 'ती समजूतदार आहे.' दुसरं, तिने परवा सुनावलं ते. तुमच्या घरी चहात आलं असतं की वेलदोडा, मला पत्ता नाही.

टोमणा मारत नाहीये. दुखतं तिथेच माणसाचा हात जातो, पत्रही तिथेच रेंगाळतं. पण 'कसं समजावू' असं तुम्ही विचारताय ते जिच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यात तिच्याविषयी. म्हणून त्या प्रश्नाकडे जरा वळसा घालून येते.

पहिली खूण मी कॅरमवर केली आहे. 'तो आणि माझी बायको एका बाजूला.' हे तुम्ही ओघात लिहून गेलात. कॅरमला पार्टनर समोरासमोर बसतात. म्हणजे वर्षानुवर्षं दर शनिवारी तुमच्या बायकोच्या समोर तो बसत होता. कोणती सोंगटी आपण मारायची आणि कोणती त्याच्यासाठी सोडायची, हे दोघांना न बोलता कळत असणार. कॅरम खेळलेल्या कुणालाही विचारा, ते फार जवळचं ओळखणं असतं. तो गेल्यावर मैत्रिणीचा नवरा गेला, सासूबाईंचा मुलगा गेला, मुलीचा बाप गेला. तुमच्या बायकोचा पार्टनर गेला, हे आठ महिन्यांत कोणी तिला म्हटलंय का?

आता तिचं वाक्य पुन्हा वाचा. तुम्हाला त्यात संशय ऐकू आला. मला आधी ऐकू आलं ते 'त्याची जागा'. भांडुपला जाऊ नकोस असं ती म्हणालेली नाही. त्याच्या जागी बसू नकोस म्हणाली. ती जागा तिच्या समोरची होती. माझं चुकतही असेल, थोडा संशयही असेल. 19 वर्षांच्या लग्नात एवढा असायचाच. पण दोन्हींपैकी काय आहे हे तुम्ही तिला विचारलेलं नाही. तिचं वाक्य ऐकलंत आणि तडक मला पत्र लिहायला बसलात.

तडक नाही, चुकले. मधे आणखी एक गोष्ट केलीत. चौथ्या पानावर आहे: बायको असं म्हणाली हे तुम्ही त्याच रात्री साडेनऊच्या फोनवर मैत्रिणीला सांगितलंत. हे चुकलं, आणि तुमच्या अख्ख्या पत्रात मला खटकलेली गोष्ट असेल तर ती एवढीच. घरातलं बोलणं चोवीस तासांच्या आत भांडुपला पोचलं. आता ती बाई तुमचा फोन उचलताना तुमच्या बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आणणार. एवीतेवी तिच्या डोक्यावर काय कमी होतं? स्त्री-पुरुष मैत्री कुठे घसरते हे लोक मला विचारतात, तेव्हा त्यांना हातात हात, मिठी, रात्रीचे मेसेज असलं काहीतरी अपेक्षित असतं. माझा अनुभव वेगळा आहे. जोडीदाराची तक्रार जोडीदाराच्या आधी मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या कानावर जायला लागली की समजावं, पाणी तिथे मुरतंय. बाकीचं सगळं त्याच्यानंतर येतं, किंवा येतही नाही.

थोडं माझं सांगते. फोर्टातल्या एका ऑफिसात मी 32 वर्षं नोकरी केली, ठाण्याहून जाऊन येऊन. माझा एक मित्र त्याच गाडीने यायचा. तो जेन्ट्समध्ये, मी लेडीजमध्ये, त्यामुळे एकाच गाडीने प्रवास करूनही गाडीत आम्ही कधी बोललो नाही. बोरीबंदरला उतरलं की इंडिकेटरखाली भेटायचं आणि ऑफिसपर्यंत चालायचं. अकरा मिनिटं. 22 वर्षांत आमच्या मैत्रीला एवढीच जागा मिळाली, आणि तीत आम्ही दोन घरांची आजारपणं, मुलांचे दहावीचे निकाल, त्याचं फसलेलं कर्ज आणि माझी पाळी जातानाची चिडचिड, सगळं बसवलं. तो गेला तेव्हा मी डोंबिवलीला त्याच्या घरी गेले. बायका आतल्या खोलीत त्याच्या बायकोभोवती बसलेल्या, पुरुष खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मला कुठे जायचं कळेना. मी जिन्यात उभी राहिले. कोणीतरी विचारलं, 'तुम्ही ऑफिसच्या का?' मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि इंडिकेटरखाली पाच-सात मिनिटं नुसतीच थांबले.

मैत्रीला सुतक नसतं. दहा दिवस घरी बसून रडायची सोय नातेवाइकांना आहे, मित्राला नाही. मित्र दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. तुम्ही तर अक्षरशः कामाला लागलात. मृत्यूचे दाखले, त्यांच्या झेरॉक्स, बँकेच्या खिडक्या. तुमचाही जिगरी दोस्त गेलाय आणि तुम्ही त्याच्यासाठी कुठे बसून रडलात याचा पत्रात उल्लेख नाही. मला वाटतं, ती धावपळ हेच तुमचं रडणं होतं. त्यात वाईट काही नाही. पण ते सगळं भांडुपला झालं. मुलुंडला पोचला तो दमलेला, गप्प, साडेनऊला फोन घेऊन गच्चीवर जाणारा माणूस. तुमच्या बायकोने आठ महिने तो माणूस बघितलाय.

दुसरी खूण 'पवित्र' या शब्दावर. मूळ पत्रात तो चार वेळा आहे. जोडीला 'निखळ' दोनदा. इतक्यांदा पाय धुऊन आत येणारा पाहुणा बघितला की मला वाटतं, याला दारात कोणी अडवलं होतं का? अडवलं असणार आपल्या त्या जुन्या म्हणीने. विस्तवाशेजारी लोणी ठेवलं की वितळणारच. बाई म्हणजे लोणी, पुरुष म्हणजे विस्तव; 27 वर्षं न वितळलेल्या लोण्याबद्दल म्हणीकडे काही उत्तर नाही, ते सोडा. गंमत अशी की 'पवित्र' म्हणताना तुम्ही त्या म्हणीचाच प्रश्न मान्य करता. काही झालं की नाही झालं? नाही झालं? मग ठीक. 27 वर्षांची मैत्री आणि तिचा हिशेब मांडायचा तो न घडलेल्या गोष्टीवर? घडलेलं केवढं आहे तुमच्याकडे! तिचं बाळंतपण, तुमची गेलेली नोकरी, वडिलांच्या ऑपरेशनला तिने रात्री साडेतीनला आणून दिलेलं रक्त.

'प्लेटोनिक'चंही तसंच. हा शब्द प्लेटोने वापरलेला नाही. 15 व्या शतकात फ्लॉरेन्सच्या मार्सिलिओ फिचिनो या विद्वानाने प्लेटोच्या नावाचं प्रेम ही कल्पना चालवली. प्लेटोच्या ज्या संवादावरून ती आली, त्या बैठकीत बोलणारे सगळे पुरुष आहेत आणि बरंचसं बोलणं पुरुषांनी पुरुषांवर केलेल्या प्रेमाबद्दल आहे. स्त्री येते ती सॉक्रेटिसच्या आठवणीत, दिओतिमा नावाची. ती त्याला प्रेमाच्या पायऱ्या सांगते: आधी एका सुंदर देहावर जीव जडतो, मग सगळ्याच देहांचं सौंदर्य दिसायला लागतं, मग मनाचं, मग ज्ञानाचं, असं वर वर जायचं. खालची पायरी नव्हतीच असं तीसुद्धा म्हणत नाही. आपण मात्र त्या शब्दाचा अर्थ करून ठेवला 'शरीर वजा केलेलं', आणि मग प्रत्येकाला आयुष्यभर वजाबाकी दाखवत बसावं लागतं.

म्हणून विंगेतल्या अंधारात विसाव्या वर्षी तुम्हाला पंधरा दिवस ती आवडली असेल, तर ती चोरी नव्हे. गेल्या महिन्यात ती रडत असताना तुमच्या पोटात काही हललं असेल, तर तीही नव्हे. मनात येणं वेगळं आणि त्याचं काय करायचं ते वेगळं. समजा, ते हललेलं थांबलंच नाही, वाढत गेलं, तर आधी स्वतःशी खरं बोला, जमलं तर एखाद्या समुपदेशकाशी. तिच्याशी नाही. नवरा जाऊन वर्ष न झालेल्या बाईच्या पुढ्यात आपलं मन मोकळं करून हलकं होणं हा स्वार्थ आहे, मग ते कितीही प्रांजळ असो. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. पण हे सदर तुमच्या एकट्यासाठी नाही, म्हणून लिहून ठेवते.

कृष्ण-द्रौपदी. अशा पत्रांत ते दोघं येतातच. ते नाही आले तर सुनीता देशपांडे आणि जी. ए. कुलकर्णी येतात, त्यांच्या पत्रांसकट. सुनीताबाई आणि जी. एं.चा पत्रव्यवहार वाचताना मीही हरखले होते. पण तिथे धारवाड आणि पुणे-मुंबई यांच्यात अख्खा घाट होता, आणि मुलुंड-भांडुपमध्ये फक्त नाहूर आहे. पत्राला उत्तर यायला लागतील तितके दिवस प्रत्येकाला आपापल्या घरात राहावंच लागायचं. तुमच्याकडे रोज साडेनऊ वाजतात.

आणि द्रौपदी घ्यायचीच, तर पूर्ण घ्या. वनपर्वात कृष्ण भेटायला येतो तेव्हा ती त्याच्याजवळ कृतज्ञतेने बोलत नाही. चांगली फटकारते. मला नवरे नाहीत, मुलं नाहीत, भाऊ नाही, बाप नाही आणि तूही नाहीस, असं तोंडावर सुनावते. सखी म्हणून तिचा तो हक्क आहे आणि तो ऐकून घेणं हे सख्याचं काम. आता सांगा, तुमच्या मैत्रिणीला तुमच्यावर असं चिडता येतं का? आठ महिने ज्याने एकेक कागद करून दिला, त्याला 'या शनिवारी नको येऊस, मला नुसतं पडून राहायचंय' असं म्हणायला तिची जीभ रेटेल?

तिसरी खूण खरं तर कोऱ्या जागेवर आहे. तिला काय हवंय, हे पाच पानांत कुठेच नाही. तुम्ही मागे हटायचं की नाही, हा प्रश्न तुम्ही, तुमची बायको, सोसायटी आणि ऑफिसातला मित्र मिळून सोडवताय. तिला विचारा. 'मी येऊ ना?' असं विचारू नका. त्याला ती 'ये ना' म्हणणार, दुसरं काय म्हणेल. असं विचारा: 'या सगळ्यातलं काय मी करू आणि काय तुझं तू करशील? आणि काय मुळीच नको?' एकदा विचारून भागणार नाही. वर्षश्राद्ध होईपर्यंत दोन-तीनदा विचारावं लागेल, कारण उत्तर बदलत राहतं. पूर्वी ती विंगेतून नटांना वाक्यं पुरवायची, आठवतं? नट अडखळेपर्यंत ती गप्प बसायची ना?

सासूबाईंच्या उघड्या दाराबद्दल तुम्हाला राग आलाय. मला त्या बाईंची बाजू सांगू द्या, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. दाराचा अर्थ तुम्ही चारित्र्याशी लावलात. असेलही. पण मुलगा गेल्यावर घरात एक परका पुरुष येतो, फाईल उघडतो, सुनेकडून सह्या घेतो, हे 74 वर्षांच्या आईला कसं दिसत असेल? तुम्ही लिहिलंय की फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर होता आणि मृत्युपत्र नव्हतं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अशा वेळी आई, पत्नी आणि मुलगी तिघीही पहिल्या वर्गातल्या वारस; तिघींचा सारखा हिस्सा. सोसायटीत पत्नी नॉमिनी असली तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर कोणाचं नाव येतंय हा त्या आजीच्या डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे, आणि तो तिच्या पाठीमागे तुम्ही दोघं सोडवताय असं तिला वाटत असेल तर तिचं काय चुकलं? पुढचे कागद तिघींच्या समोर, जेवणाच्या टेबलावर काढा. सासूबाईंना वाचून दाखवा. त्याहून बरं म्हणजे एखादा वकील बघून द्या आणि स्वतः त्यातून बाहेर पडा. मैत्रिणीला बँकेत घेऊन जाण्याऐवजी फाईल तिच्या हातात द्या. पहिल्या दिवशी चार तास लागतील, लागू देत. शाळेत 60 मुलं सांभाळणारी बाई ती, काउंटरवरच्या माणसालाही सांभाळेल.

हे म्हणताना मी सोसायटीतल्या त्या गृहस्थांची तरफदारी मात्र करत नाहीये. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. सरकारने मग तोच कित्ता इतर ग्रामपंचायतींनीही गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. आम्ही मुंबईकरांनी ती बातमी 'खेड्यात अजून हे चालतं का' म्हणत वाचली. आमच्याकडे बांगड्या कोणी फोडत नाही. आमच्याकडे लिफ्टमध्ये विचारतात, 'कालही आले होते ना ते?' बाईच्या सोफ्यावर कोण बसतं याचा हिशेब ठेवायला आम्हाला ठराव लागत नाही. अशांना उत्तर देत बसू नका. खुलासा केलात की त्यांना पुढचा प्रश्न सुचतो.

राखीचं. नको. तुम्हा दोघांना मनापासून भाऊ-बहीण व्हावंसं वाटत असतं, तर 27 श्रावण येऊन गेलेत, कधीच बांधली असती. लोकांची तोंडं बंद करायला बांधलेला दोरा म्हणजे 'आमच्या नात्यात काहीतरी होतं, ते आता झाकलंय' अशी पावती. आपल्याकडे स्त्री-पुरुषांनी जवळ यायचं तर नवरा-बायको, नाहीतर 'मानलेला भाऊ'. तिसरं खातंच नाही. सखा-सखी हे शब्द होते आपल्याकडे, ते आपण पुराणात आणि भावगीतांत ठेवून दिले. सखी म्हटलं की लोकांना हल्ली प्रेयसीच आठवते. तुम्ही 'मैत्रीण' म्हणताय ना? तेच म्हणत राहा, आवाज न उतरवता. सोसायटीत कोणी 'बहीण का?' म्हणून सोयीची पायरी पुढे केली तरी तिच्यावर चढू नका.

आता घरचं. बायकोला समजवायचं काही नाही, म्हणून कसं समजवायचं ते मी सांगत नाही. तिला सांगायचं बरंच आहे. मित्र गेल्याचं. त्याच्या फोनवर अजून तुमच्याकडून चुकून मेसेज टाइप होतो, हे तुम्ही मला लिहिलंत. तिला माहीत आहे? आधी तिचं वाक्य फोनवर बाहेर गेलं त्याबद्दल माफी मागा, सबबीशिवाय. मग तिला त्याच्याबद्दल विचारा, मैत्रिणीबद्दल नाही. ती रडली तर तिथेच थांबा. लगेच 'बघ, म्हणजे तुलाही कळतंय ना' असा वकिली मुद्दा काढू नका. पुरुष हे करतात. मुद्दा सापडला की रडणारं माणूस राहतं बाजूला.

साडेनऊचा फोन हलवा. ती वेळ मुंबईतल्या कुठल्याही घरात एकच असते, सगळे एकत्र असण्याची, आणि तुम्ही ती रोज गच्चीत नेता. 'घरात रेंज मिळत नाही' हे तुम्ही लिहिलंय. इथे मी पेन्सिलीने एक छोटा स्मायली काढलाय. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सकाळी स्टेशनला चालत जाताना फोन करा, दहा-बारा मिनिटं पुरतात, मी 22 वर्षं पुरवली आहेत. एखाद्या रात्री तिला झोप लागत नसेल आणि तिचा फोन आला, तर जरूर उचला. हॉलमध्ये, बायकोच्या समोर. आणि झोप न लागण्याच्या रात्री वाढत चालल्या, मुलगी गप्प झाली, तर मित्राचा कान पुरा पडत नाही. 14416 ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे. नंबर तिच्या फ्रिजवर चिकटवून या.

शनिवारी बायकोला बरोबर घेऊन जा, असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. मी अर्धाच देते. तिला यायचं असेल तर. तिला ढाल म्हणून नेऊ नका, तिला ते उंबरठ्यावरच कळेल. आणि काही शनिवार तिला एकटीला जाऊ द्या, तुम्ही मुलुंडला भाजी निवडत बसा. त्या दोघींची मैत्री तुमच्यामार्फत होती की स्वतंत्र, हे तुम्हाला कधी तपासायची वेळ आली नाही. येऊ दे.

तुमच्यासारख्यांची पत्रं मला बरीच येतात, विशेषतः बायकांची: ऑफिसातला मित्र, नवऱ्याला पटत नाही, काय करू. त्यांनाही तक्रारीचा कान आणि फोनची गच्ची या दोन गोष्टी आधी तपासायला सांगते. दोन्ही ठीक असतील आणि तरीही नवरा 'तो नाहीतर मी' म्हणत असेल, तर तिथे प्रश्न मैत्रीचा उरलेला नसतो, आणि मी मैत्री तोडायला सांगत नाही. तुमच्या घरात तसं काही नाही. तुमच्या बायकोने 19 वर्षं दार उघडंच ठेवलं होतं.

वहीचं राहिलं. 'कोणाकडे' मध्ये मैत्रिणीचं नाव लिहा, पूर्ण, आडनावासकट, नीट अक्षरात. फ्लॅट आता तिघींचा आहे, तेव्हा एखाद्या दिवशी सासूबाईंचं लिहिलंत तरी चालेल. त्यांच्यासाठी चार संत्री घेऊन गेलात तर ते खरंही असेल. 'कशासाठी' च्या रकान्यात लोक 'काम' लिहितात, तुम्हीही 14 वर्षं तेच लिहीत असाल. ते तसंच राहू दे, वॉचमनला कविता नको असते.

आणि एक विचारायचं राहून गेलं. तो कॅरम बोर्ड कुठे आहे? भांडुपलाच, कपाटामागे उभा? बारावीच्या परीक्षा संपल्या की बघा, मुलीला खेळता येतं का. नसेल येत, तर शिकवायला बसताना तिच्या समोर तुम्ही बसू नका. ती खुर्ची तुमच्या बायकोची.